ज्वारीची डाळ का होत नाही? जीवशास्त्राच्या संज्ञांसाठी रोजची उदाहरणं निवडताना

तुम्ही लिहिलंय की तुमची पदवी गणिताची आहे आणि शाळेत विज्ञानाला माणूस नसल्यामुळे सातवी-आठवीचं जीवशास्त्र तुमच्याकडे आलंय. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, पण तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की गप्प बसतात. म्हणून प्रत्येक संज्ञेसमोर रोजच्या पाहण्यातल्या एका झाडाचं किंवा प्राण्याचं नाव असलेली यादी तुम्हाला हवी आहे.

तशी यादी करून देणं अवघड नाही. पण तिने तुमची अडचण सुटेल असं मला वाटत नाही, कारण मुलं ती यादीही पाठ करतील. 'बटाटा हे रूपांतरित खोड आहे' हे वाक्य आठवीच्या कुठल्याही वर्गात विचारा, हात वर होतात. मग त्याच मुलांच्या हातात आल्याचा तुकडा द्या आणि विचारा, हे मूळ की खोड? बरीच मुलं 'मूळ' म्हणतात, कारण आलं मातीखाली वाढतं. म्हणजे बटाट्याचं नाव लक्षात राहिलं, पण बटाट्यात काय बघायचं होतं ते कळलं नाही. बटाटा गोल असतो, मातीत मिळतो, त्यात पिठूळ साठा असतो, त्याला डोळे असतात. यातली कोणती गोष्ट त्याला खोड ठरवते हे एकटा बटाटा कसं सांगणार?

खरा प्रश्न हा आहे. म्हणून मी एका संज्ञेसाठी एक उदाहरण घेत नाही, दोन वस्तूंची जोडी घेते. दोन्ही एकमेकींच्या जवळच्या हव्यात आणि ज्या मुद्द्यासाठी संज्ञा आहे नेमक्या त्याच मुद्द्यावर वेगळ्या हव्यात. आधी वस्तू हातात, मग फरक, आणि त्या फरकाला काहीतरी नाव हवं असं मुलांना वाटू लागलं की संज्ञा फळ्यावर. पाठ्यपुस्तकातला क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. तो उलटवायला फारसा वेळ लागत नाही, पण तयारी लागते.

सुरुवात डाळीपासून करा. ही जोडी महाराष्ट्रात कुठेही, कोणत्याही महिन्यात मिळते. मी वर्गात विचारते, तुरीची डाळ होते, हरभऱ्याची, मुगाची, उडदाची होते, मग ज्वारीची डाळ का होत नाही? 'ज्वारी धान्य आहे, तूर कडधान्य आहे' असं उत्तर हमखास येतं. ते खोडायचं नाही. 'बरं, मग आत काय वेगळं आहे ते बघू' एवढंच म्हणायचं. आधीच्या दोन दिवसांत वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले असतात. ज्यांच्या घरी बिरडं होतं त्या मुलांना वाल सोलायची सवय असते, बाकीच्यांना ती लगेच लागते. साल चिमटीत धरून सरकवली की दाणा मोकळा होतो आणि नखाने सहज दोन दळांत उघडतो. दोन्ही दळं जिथे जोडलेली असतात तिथे कडेला बारीक पांढरा कोंब दिसतो. त्याचं एक टोक मूळ होऊन आधीच बाहेर आलेलं असतं, दुसऱ्या टोकाला भिंगाखाली दुमडलेली इवलीशी पानं दिसतात. आता डाळ म्हणजे काय हे मुलंच सांगतात: साल गेली, दाणा दुभंगला, कोंब निसटला की उरतं ते अर्धं बी. तो एकेक अर्धा भाग म्हणजे एकेक बीजपत्र.

त्यानंतर भिजवलेला मक्याचा दाणा द्यायचा. ज्वारी त्याच गटातली, पण तिचा दाणा हाताळायला लहान पडतो. मक्याचा दाणा कसाही दाबला तरी दोन दळांत उघडत नाही. ब्लेडने उभा चिरून दाखवला तर एका अंगाला पांढरट कोंब आणि बाकी सगळा पिठाचा साठा दिसतो. बीजपत्र एकच असतं आणि ते कोंबाला चिकटून आतच राहतं. पिठाचा साठा वेगळा, त्याचं नाव भ्रूणपोष. दुभंगायला दोन दळंच नाहीत, म्हणून डाळ नाही. इथे 'एकबीजपत्री' आणि 'द्विबीजपत्री' हे शब्द लिहिले की ते वेगळे पाठ करावे लागत नाहीत. पुढच्या तासाला शेताच्या बांधावरून तुरीचं आणि ज्वारीचं एकेक रोप मुळांसकट उपटून आणायचं. सोटमूळ आणि तंतुमय मुळं, जाळीदार आणि समांतर शिरा, हे सगळं त्याच जोडीवर चढवता येतं.

इथेच एखादं हुशार पोर अळूचं पान घेऊन येतं आणि म्हणतं, याच्या शिरा तर जाळीदार आहेत. अळू एकबीजपत्री आहे. असं पान आलं की मला फार आनंद होतो, कारण शिरांवरून आपण फक्त अंदाज करतो आणि बीजपत्रांची संख्या हा मूळ निकष आहे, हे सांगायची संधी ते पान देतं. अपवाद लपवू नका.

कोणती जोडी घ्यायची हे मात्र तुमच्या जागेवर आणि ऋतूवर ठरेल. तुमची शाळा कोकणात आहे, विदर्भात आहे की मुंबईच्या चाळीशेजारी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. शेतालगतच्या शाळेत जून ते नोव्हेंबर हा काळ सर्वांत श्रीमंत. शहरातल्या शाळेला भाजीबाजार बारा महिने उघडा असतो आणि माझ्या मते तो पुरेसा आहे. वर्गात साठ मुलं असतील तर प्रत्येकाच्या हातात ब्लेड देऊ नका. पाच-सहा जणांच्या गटाला एक वस्तू द्या आणि कापण्याचं काम स्वतः करा.

आता बटाट्याकडे परत येऊ. त्याची जोडी रताळ्याशी लावा. दोन्ही मातीखालची, दोन्ही पिठूळ, दोन्ही उपवासाची. मुलांना बटाट्याचे डोळे मोजायला नाही, नीट बघायला सांगा. प्रत्येक डोळा म्हणजे एक खाच, तिच्या एका कडेला भुवईसारखी वाकडी रेघ आणि खाचेत बारीक कळ्या. ती रेघ म्हणजे खवल्यासारख्या पानाची खूण. पान आणि त्याच्या बगलेत कळी, ही रचना खोडाची. फांदीवर हेच दिसतं, ते मुलांनी आवारातल्या जास्वंदीवर ताडून पाहावं. शिवाय बटाट्याचे डोळे विस्कळीत नसतात, टोकाकडे दाट होत जाणाऱ्या मळसूत्री ओळीत असतात. रताळ्यावर अशी ठरलेली जागा नाही, पानाची खूण नाही. 'रताळ्यालाही कोंब फुटतात' हा आक्षेप येईल आणि तो बरोबर आहे. म्हणून 'कोंब येतो म्हणून खोड' असं कधीही सांगू नका. कोंब कुठून येतो हे बघायचं. डोळा नसलेला बटाट्याचा तुकडा आणि डोळा असलेला तुकडा, दोन्ही कुंडीत लावून ठेवा. बटाट्याचं बेणं कापताना शेतकरी प्रत्येक फोडीवर डोळा ठेवतो तो उगाच नाही. त्यानंतर आलं आणि हळद हातात दिली की मुलं त्यांच्यावरची आडवी वलयं आणि खवले स्वतः शोधतात. सुरण दिलात तर पुन्हा खोड, मुळा आणि गाजर दिलंत तर मूळ.

याच ओळीत मी तिसरी वस्तू आणते, भुईमुगाचं आख्खं झाड. 'शेंग जमिनीत, म्हणजे मूळ' हे गृहीतक मोडायला यापेक्षा चांगलं काही नाही. पिवळं फूल वर पानांच्या बगलेत असतं. फुलोरा संपला की तिथून आरी सुटते, खाली वाकते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग भरते. मुलांनी बोटाने शेंगेपासून उलटं वर जायचं, आरी धरून, पानाच्या बगलेपर्यंत. ती मुळाला कुठेच जोडलेली नसते. म्हणजे टरफल हे फळाचं आवरण आणि दाणे बिया. आऱ्या मातीत नीट शिराव्यात म्हणून पिकावरून रिकामं पिंप फिरवतात, हे ज्यांच्या घरी भुईमूग असतो त्या मुलांनी पाहिलेलं असतं. का फिरवतात ते या तासाला उलगडतं. झाड उपटलंच आहे तर खऱ्या मुळांवरच्या बारीक गाठीही दाखवा. एखादी गाठ नखाने फोडली तर आत गुलाबीसर दिसते. त्या गाठीत रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि झाड त्यांना अन्न पुरवतं. सहजीवनाचं हे माझं आवडतं उदाहरण, कारण ते हातात धरता येतं. मेथीची जुडी मुळासकट मिळाली तर शहरातही काम होतं.

परासरणासाठी उन्हाळ्यात कैरी घ्या. फोडींना मीठ लावून ठेवलं की खार सुटतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असतं. वरून पाण्याचा थेंब न घालता एवढं पाणी आलं कुठून? फोडीच्या पेशींतून, बाहेरच्या मिठाच्या दाट द्रावणाकडे. इथे जोडी हवी ती जिवंत आणि मेलेल्या पेशींची, कारण परासरणाला पटल, म्हणजे पेशीभोवतीचा निवडक पातळ पडदा, लागतं हा मुद्दा व्याख्येत असतो आणि मुलांच्या डोक्यात नसतो. एक कच्चा बटाटा आणि एक चांगला उकडलेला बटाटा घ्या. दोन्ही सोलून अर्धे कापा, मध्ये वाटीसारखा खड्डा कोरा, खड्ड्यात चमचाभर कोरडी साखर घाला आणि बशीत थोडं पाणी घेऊन त्यात ठेवा. काही तासांनी कच्च्या बटाट्याच्या खड्ड्यात पाणी जमलेलं दिसतं, उकडलेल्यात तसं जमत नाही. उकडताना पेशींची पटलं फुटली, आता निवड करणारं कुणी उरलं नाही. हा प्रयोग सकाळी लावला तर मधल्या सुट्टीनंतर बघता येतो.

भिजवलेले हरभरे मात्र परासरणाचं उदाहरण म्हणून देऊ नका, जरी ते सर्रास दिलं जातं. कोरडं बी फुगतं त्यात मोठा वाटा अंतःशोषणाचा, म्हणजे कोरड्या पदार्थाने नुसतं पाणी शोषून फुगण्याचा असतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगून अडकतं ते याच प्रकारचं, आणि दारात जिवंत पेशी नसतात. मेलेला हरभराही भिजवला की फुगतो. बेदाणा पाण्यात फुगतो आणि साखरेच्या पाकात पुन्हा आकसतो, तो प्रयोग चालेल.

जिवंत-मेलेलं हीच जोडी श्वसनालाही वापरा. श्वसन आणि श्वासोच्छ्वास यांची मुलं गल्लत करतात, कारण दोन्ही शब्द नाकाशी जोडले गेलेत. मटकीला मोड आणताना मोठ्या गाठोड्याच्या मधोमध हात घातला तर ऊब लागते. भिजवून उकडलेल्या मटकीचं तेवढंच गाठोडं थंड झाल्यावर शेजारी ठेवा, त्यात ती ऊब येत नाही. मटकीला नाक नाही, फुप्फुसं नाहीत, तरी अन्नातली ऊर्जा मोकळी होते आहे आणि तिचा काही भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो आहे. ते श्वसन. उकडलेली फार वेळ ठेवू नका. ती आंबली की जिवाणूंमुळे तिथेही ऊब येते आणि मुलं चुकीचा निष्कर्ष काढतात.

परजीवीचा पाठ आला की आंब्याच्या झाडाखाली जा. वर बांडगूळ असेल आणि कुंपणावरच्या बोरीवर किंवा बाभळीवर अमरवेल असेल तर काम झालं. दोन्हींना पुस्तक परजीवी म्हणतं, पण बांडगुळाची पानं हिरवीगार असतात आणि अमरवेल म्हणजे नुसते पिवळे दोरे, पानं जवळजवळ नाहीतच. हा रंगाचा फरक मुलांना आधी दिसू द्या. हिरवं म्हणजे अन्न स्वतः करतंय. मग बांडगूळ आंब्याकडून घेतं तरी काय? मुख्यतः पाणी आणि क्षार. म्हणून ते अर्धपरजीवी. अमरवेल अन्नही घेते, म्हणून ती पूर्ण परजीवी. तिचं बी मातीत रुजतं, वेल आधार मिळेपर्यंत चाचपडते, आणि आधाराच्या खोडात तिची शोषक मुळं एकदा शिरली की जमिनीतलं मूळ वाळून जातं. वेलीचा दोरा हळूच ओढून बघितला तर ती फांदीला जागोजागी चिकटलेली कळते. कोकणात असाल तर त्याच आंब्यावर एखादी आमरही (ऑर्किड) मिळेल. ती झाडावर बसते पण झाडातून काही घेत नाही, तिची मुळं सालीवर पसरलेली असतात आणि पावसाचं, हवेतलं पाणी घेतात. हे तिन्ही एकत्र पाहिल्यावर 'झाडावर वाढतं ते परजीवी' असं कुणी म्हणत नाही. बांडगुळाची फळं फार चिकट असतात. फुलटोच्या नावाचा चिमणीहून लहान पक्षी ती खातो आणि चिकट बी फांदीवर घासून टाकतो. बीप्रसाराचा पाठ त्याच झाडाखाली उरकतो.

आंब्याखाली आहातच तर लैंगिक आणि अलैंगिक प्रजननही तिथेच शिकवा. एका आवारात चार रायवळ असतील तर चौघांची चव वेगळी. एक साखरेसारखा, एक आंबट, एक नुसत्या रेषांचा. हापूसची कलमं मात्र शंभर लावली तरी फळ हापूसचंच. का? रायवळ कोयीतून आलेला. कोयीत आई-झाडाचा अर्धा वारसा आणि अर्धा परागातून आलेला, म्हणजे प्रत्येक कोय ही नवी जुळणी. कलमात काडी हापूसच्या झाडाची, ती खुंटावर बांधतात. खुंट रायवळ कोयीचा असला तरी फळ काडीच्या जातीचं येतं, कारण फांदी, मोहोर, फळ सगळं त्या काडीतून वाढतं. ज्या मुलांच्या घरी बाग आहे त्यांना बोलू द्या. कलम कसं बांधतात हे ती तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील आणि संज्ञा तुम्ही द्याल.

खानदेशात असाल तर हेच काम केळी करते. बागेत मुनवे, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारे कोंब लावतात, बी कुणी लावत नाही. केळं आडवं कापलं तर मध्ये काळे ठिपके दिसतात, त्या न वाढलेल्या बिया. सगळी बाग एकाच वारशाची असणं सोयीचं असतं आणि धोक्याचंही. ग्रॉस मिशेल नावाची केळ्याची जात 20व्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या व्यापारावर राज्य करत होती. पनामा नावाच्या बुरशीजन्य मर रोगाने तिच्या बागा बसल्या आणि तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. सगळी झाडं सारखी, म्हणून एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. आठवीच्या मुलांना हे नीट समजतं आणि ती लगेच रायवळांकडे वेगळ्या नजरेने बघतात.

परागणाला मका आणि लाल भोपळा ही जोडी मला फार भावते. मक्याचं कोवळं कणीस सोलताना घाई करू नका. एक केस धरून खालपर्यंत जा, तो एका दाण्याशीच संपतो. दुसरा केस दुसऱ्या दाण्याशी. प्रत्येक केस ही एका बीजांडाची परागनलिकेसाठीची वाट आहे, तुऱ्यातला पराग वाऱ्याने येऊन केसावर पडला तर तो दाणा भरतो. ज्या केसावर पराग पडला नाही तिथे कणसात बोळकं राहतं. मुलांनी भाजलेल्या कणसातली ही बोळकी शेकडो वेळा पाहिलेली असतात, त्यांचं कारण त्या दिवशी कळतं. भोपळ्यात नर आणि मादी फुलं एकाच वेलीवर पण वेगवेगळी. मादी फुलाच्या खाली आधीच चिमुकला भोपळा असतो. फूल पहाटे उमलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी दोन मादी कळ्यांवर पातळ कापडाची पिशवी बांधायची. सकाळी एकीत हाताने नर फुलाचा पराग लावून पिशवी पुन्हा बांधायची, दुसरी तशीच ठेवायची. काही दिवसांत दुसरीचा चिमुकला भोपळा पिवळा पडून गळतो. मधमाशी काय काम करते हे सांगायला वेगळं चित्र लागत नाही.

आता काटे. अनुकूलनावर मुलं 'निवडुंगाला काटे असतात' एवढं लिहून थांबतात. निवडुंग, बाभूळ, लिंबू आणि गुलाब यांची एकेक फांदी आणा आणि एकच प्रश्न विचारा, काटा कुठून निघाला? निवडुंगात काटे पानांच्या जागी आहेत आणि अन्न तयार करायचं काम हिरव्या खोडाने उचललंय. बाभळीत पानाच्या देठाच्या दोन्ही अंगांना जोडीने, म्हणजे उपपर्णांच्या (देठाच्या बुडाशी येणाऱ्या छोट्या पानांच्या) जागी. लिंबात पानाच्या बगलेत, जिथून फांदी फुटायला हवी होती तिथून. गुलाबात कुठेही, बाजूने अंगठ्याने दाबला की सालीसकट निघून येतो. टोचतात सगळे सारखे, पण मूळ चौघांचं वेगळं. कार्य सारखं आणि रचनेचं मूळ वेगळं ही कल्पना पुढे वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख यांच्यापाशी परत भेटते, तेव्हा हा तास कामाला येतो.

किनाऱ्याजवळच्या शाळांनी खारफुटी सोडू नये. तिवराच्या पानावर मिठाचे कण भिंगाने दिसतात, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं नुसत्या डोळ्यांनी. महाराष्ट्राने 2020 मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष जाहीर केला, त्याचीही मुळं अशीच वर येतात. शेजारच्या आंब्याला त्या चिखलात का जगता येणार नाही, हा प्रश्न विचारला की अनुकूलनाची व्याख्या मुलंच करतात.

प्राण्यांकडे वळताना मी जास्त सावध असते, कारण इथे जीव हाताळायचा असतो. रूपांतरणासाठी कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड पुरेसं आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी अळी शोधा. अनेक मुलं ती बघूनही ओळखत नाहीत, आणि तेच तर तिचं संरक्षण. वाढली की ती कात टाकून हिरवी होते, पानाच्या रंगाची. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून तांबूस रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास येतो. रुंद तोंडाच्या बरणीला जाळी बांधा, रोज ताजी पानं द्या, कोष होण्यासाठी एक काडी तिरकी ठेवा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात आटोपतो. लिंबाच्या वर्गातल्या झाडांवर नीलवंतही अंडी घालतं. ते 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. जोडीला झुरळ घ्या, पकडायची गरज नाही, घरी सगळ्यांनी पाहिलंय. झुरळाचं पिल्लू मोठ्या झुरळासारखंच दिसतं, फक्त पंख नसतात. अळी आणि फुलपाखरू यांच्यात काहीच सारखं नाही, खाणंसुद्धा नाही. संपूर्ण आणि अपूर्ण रूपांतरण इथे वेगळं होतं. कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी बाहेर पडते. मुलं हिरमुसतात. त्यांना सांगा की तिच्या आईने अळीत किंवा कोषात अंडी घातली होती, आणि हाही निसर्गाचाच भाग आहे.

वर्गीकरणासाठी मासळी बाजार उत्तम, पण वर्गात मांसाहार न करणारी मुलं असतात, त्यांच्यावर काही लादू नका. फोटोंवरही काम भागतं. पापलेटला काटा असतो, मुशीला हाडाचा काटा नसतो, मऊ कूर्चा असते. दोन्ही पृष्ठवंशीय, तरी गट वेगळे. म्हाकुल आणि तिसऱ्या एकमेकींसारख्या मुळीच दिसत नाहीत, पण दोन्ही मृदुकाय. कोळंबी आणि खेकड्याला कठीण कवच आणि सांधे असलेले पाय, म्हणून त्यांचं नातं झुरळाशी, बांगड्याशी नाही. हे ऐकून मुलं चकित होतात. मग पाय मोजायला लावा: झुरळाचे सहा, कोळ्याचे आठ, खेकड्याचे नांग्या धरून दहा.

काही प्रचलित उदाहरणं टाळा. विसरणासाठी, म्हणजे कण दाटीकडून विरळ भागाकडे आपोआप पसरतात त्यासाठी, उदबत्तीचा वास सांगतात, पण खोलीत तो वास मुख्यतः हवेच्या प्रवाहाने पोचतो. स्थिर पाण्यात तळाशी सोडलेला पोटॅशियम परमँगनेटचा खडा बरा. उंटाच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते. भूछत्र ही वनस्पती नाही. बोगनवेलीचा रंगीत भाग पाकळ्यांचा नाही, ती रंगीत सहपत्रं (फुलाजवळची बदललेली पानं) आहेत आणि खरं फूल आतली बारीक फिकट नळी आहे.

तुमची खरी चिंता परीक्षेची आहे, तर ती मला रास्त वाटते. उत्तरात संज्ञा पुस्तकातलीच हवी, व्याख्याही नेमकी हवी. मी जोडी पाहून झाल्यावर मुलांना त्यांच्या शब्दांत एक वाक्य लिहायला लावते, मग त्याखाली पुस्तकातली व्याख्या, आणि दोन्हींत काय राहून गेलं ते अधोरेखित करायला सांगते. परासरणाच्या वाक्यात 'पटल' बहुतेकांचं राहतं. ते स्वतः सापडलं की पेपरात सुटत नाही. प्रत्येक संज्ञेला असा वेळ देता येणार नाही. धड्यातल्या दोन-तीन मध्यवर्ती संज्ञांना द्या, बाकीच्या नुसत्या सांगितल्या तरी चालतात.

सुरक्षेचं एवढं पाळा: रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून ती मुलांना तोडू देऊ नका. धोतरा आणि एरंडाच्या बिया विषारी, वर्गात आणूच नका. हिरवा पडलेला बटाटा दाखवायला चालतो, खायला नाही. बेडकाची पिल्लं आणलीत तर डबक्यातल्याच पाण्यात ठेवा आणि एक-दोन दिवसांत त्याच डबक्यात सोडा. अळी-कोषाचंही तसंच, ज्या झाडावरून आणली त्याच झाडापाशी सोडायची.

तुमची शाळा कुठल्या भागात आहे आणि येत्या महिन्यात कोणता धडा सुरू होतोय ते कळवलंत तर त्या धड्यापुरत्या जोड्या मी तुम्हाला सुचवीन. तोवर वाल आणि मका भिजत घाला.